सेफ्टीबापू

आमच्या सोसायटीत बापूंना आडनावाने ओळखणारा एकच माणूस आहे, पोस्टमन. बाकीच्यांसाठी ते सेफ्टीबापू. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर आहेत. इतर लोक नोकरी गेटवर ठेवून घरी येतात, बापू ती जेवणाच्या डब्यातून घरी आणतात. त्यांच्या ओट्यावर गॅस बंद करण्याची कृती पाच पायऱ्यांत लिहून चिकटवलेली आहे. समईपासून पडदा किती लांब असावा याची देवघराच्या फरशीवर पिवळ्या पट्टीने खूण केलेली आहे. आणि फ्रिजला एक वही लटकते, 'नियर मिस'ची. कारखान्यात अपघात होता होता टळला की त्याला नियर मिस म्हणतात आणि त्याची नोंद करतात. बापूंच्या वहीत 'दूध उतू जाता जाता वाचले, सौ. फोनवर' अशा नोंदी आहेत. त्याखाली वहिनींच्या अक्षरात एकच आहे : 'नणंदबाई आठ दिवस राहायला येणार होत्या. बेत रद्द.'

लोक दिवाळीची वाट पाहतात, बापू ४ मार्चची. १९६६ साली या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या दिवशी बापू दसऱ्याचं सोनं वाटावं तसे छातीवर लावायचे हिरवे-पांढरे बिल्ले वाटतात. आमचा वॉचमन तो बिल्ला लावून वर्षभर झोपतो.

अशा माणसाच्या घरी सई जन्माला आली, यालाच मी निसर्गाचा चमत्कार म्हणतो. सई दहा वर्षांची, पाचवीत. जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली येणं हे तिचं नेहमीचं येणं-जाणं, आणि त्याच्या नोंदींनी नियर मिसच्या दोन वह्या भरलेल्या. शाळेत 'माझी इच्छा' या विषयावर निबंध होता. सईने एकच ओळ लिहिली : 'मला एकदा तरी हरवायचे आहे.' बाईंनी खाली लाल शाईने 'पालकांनी भेटावे' लिहिलं.

बापूंनी ती वही तीनदा वाचली. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "पोरीला साहस हवंय."

"मग?"

"मग काय! साहस करायचं. पण व्यवस्थित करायचं."

मी आपलं आंबोली सुचवलं. बापूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आंबोलीला लोक धबधब्याखाली उभं राहून भजी खातात. ओल्या पायऱ्या, गरम तेल, एका हातात मोबाइल. छे! तिला खरं वर्षावन दाखवतो. आगुंबे."

आगुंबे कर्नाटकात, शिवमोग्गा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यात. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे आपल्या मुंबईच्या जवळजवळ तिप्पट. शंकर नाग यांनी 'मालगुडी डेज' मालिका जिथे चित्रित केली ते हे गाव. पण बापूंना मालगुडीशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी वाचलं होतं ते नागराजाबद्दल. रोम्युलस व्हिटेकर या सर्पतज्ज्ञांनी २००५ साली तिथे वर्षावन संशोधन केंद्र काढलं. तिथल्या नागराजांच्या अंगात रेडिओ ट्रान्समीटर बसवून ते कुठे हिंडतात, काय खातात याचा माग काढला गेला. हे सांगताना बापूंचा गळा दाटून आला होता. "म्हणजे नागसुद्धा आपण कुठे आहोत ते कळवतो. आणि आमची सौ. बाजारात गेली की फोन उचलत नाही."

दिवाळीच्या सुट्टीचा बेत ठरला आणि बापूंनी 'धोका-तक्ता' तयार केला. रीत कारखान्याचीच. प्रत्येक संकटाला शक्यतेचे पाचपैकी गुण द्यायचे, तीव्रतेचे पाचपैकी द्यायचे आणि दोहोंचा गुणाकार करायचा. नागराज : शक्यता १, तीव्रता ५, धोका ५. जळू : शक्यता ५, तीव्रता १, धोका ५. अठरा फुटांपर्यंत वाढणारा, जगातला सर्वांत लांब विषारी साप आणि सुतळीच्या तुकड्याएवढी जळू, दोघं बापूंच्या कागदावर मांडीला मांडी लावून बसले होते. तक्त्याच्या तळाशी शेवटची ओळ होती, 'हरवणे : शक्यता ०'. ती वाचून सई काही न बोलता गॅलरीत जाऊन उभी राहिली.

वहिनींनी येण्यास साफ नकार दिला. "तुम्ही जा. चार दिवस मी गॅस मला हवा तसा बंद करीन." आता नियम असा की एका अल्पवयीन व्यक्तीमागे दोन प्रौढ हवेत. म्हणून माझी भरती झाली.

तयारीला तीन आठवडे लागले. माद्रपाटाचे गुडघ्यापर्यंत येणारे जळूमोजे शिवून घेतले. आमचा शिंपी नाडीचं माप घेताना दोनदा विचारून गेला, की हे नक्की घालायचं कुठे? दोरी, शिट्ट्या, होकायंत्र, ओआरएसची पाकिटं, मिठाच्या पुरचुंड्या. सगळं मिळालं, अडलं तंबाखूपाशी. तंबाखूचं पाणी मोज्यांना चोळलं की जळवा लांब राहतात असं बापूंनी वाचलं होतं. पण कोपऱ्यावरच्या ज्या पानवाल्याला त्यांनी दर वर्षी तंबाखूचे दुष्परिणाम ऐकवले, त्याच्याकडे मागायची कशी? शेवटी रात्री दहा वाजता मफलर गुंडाळून गेले. पानवाल्याने पुडी दिली, सुटे पैसे परत केले आणि हळूच म्हणाला, "बापू, चुना पण देऊ?"

ठाण्याहून मत्स्यगंधा धरली. डब्यात शिरल्या शिरल्या बापूंनी आपत्कालीन खिडक्या शोधल्या, त्या उघडतात कशा ते समोरच्या कुटुंबाला समजावलं, आणि त्या कुटुंबाने जागा बदलून घेतली. रत्नागिरीजवळचा कारबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. तो संपेपर्यंत बापू घड्याळाकडे पाहत ताठ बसून होते. सई खिडकीच्या गजांना नाक लावून अंधाराचा वास घेत होती.

पहाटे उडुपीला उतरलो आणि छोट्या बसने घाट चढलो. चौदा वळणं. बापू प्रत्येक वळणाचा आकडा मोठ्याने म्हणत. सातव्यानंतर बसमधली कानडी मुलंही त्यांच्यासोबत मराठी आकडे म्हणू लागली. वर पोहोचलो तेव्हा परतीचा पाऊस अजून रेंगाळलेला होता. ज्या घरी उतरलो तिथे माउलीने धणे-जिऱ्याचा, दूध घातलेला वाफाळता कषाय दिला. त्याचा एक घोट घेतल्यावर बापूंच्या चेहऱ्यावर प्रथमच असं काही आलं जे कुठल्या तक्त्यात बसलं नसतं.

वाटाड्या आला. वय साठीच्या आसपास, गुडघ्यावर दुमडलेली लुंगी, कमरेला कोयता, पायांत रबरी चपला. सई त्याला अण्णा म्हणू लागली, तो तिला पुट्टी म्हणू लागला, आणि त्या दोघांचं दळणवळण दोन मिनिटांत सुरू झालं. बापू त्याच्या चपलांकडे पाहत राहिले. मग थैलीतून माद्रपाटाचे जादा मोजे काढून पुढे केले. अण्णाने ते उलटसुलट करून पाहिले, मोठ्या आदराने घडी घातली आणि डोक्याला बांधले.

जंगलाच्या तोंडाशी बापूंनी 'टूलबॉक्स टॉक' घेतला. कारखान्यात पाळी सुरू होण्यापूर्वी कामगारांना उभं करून धोके समजावतात, त्याला हे नाव आहे. आम्ही तिघं ओळीत उभे. "नियम एक, रांग मोडायची नाही. नियम दोन, हात लावायचा नाही. नियम तीन, जळू लागली तर ओढायची नाही. ओढली की जखम चिघळते. पोट भरलं की ती आपोआप सुटते. नियम चार, अंधारात बॅटरी बंद करायची नाही. नियम पाच, शिट्टी वाजली की सगळे असेंब्ली पॉइंटवर." असेंब्ली पॉइंट म्हणजे एक फणसाचं झाड. "आणि सई, तू नोंदवही ठेव. निरीक्षक मध्ये पडत नाही. तो पाहतो, वेळ टिपतो, लिहितो."

सईने ही शेवटची सूचना मनावर घेतली. किती, ते पुढे कळलं.

अण्णा सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "निधान, निधान." बापूंचे डोळे लकाकले. निधान म्हणजे खजिना! ते कानात कुजबुजले, "इथे काहीतरी पुरलेलं आहे बरं का." संध्याकाळी घरमालकांनी उलगडा केला, की कानडीत निधान म्हणजे सावकाश.

आत शिरलो आणि दिवस मावळल्यासारखा झाला. वर फांद्यांचं छप्पर इतकं दाट की जमिनीपर्यंत उजेडाचे शंभरातले एक-दोनच अंश पोहोचतात. शेवाळलेल्या खोडांवर ऑर्किडं आणि नेचे बसलेले, वेताचे काटेरी दोर वाटेवर लोंबणारे, आणि रातकिड्यांनी रात्र होण्याची वाट न पाहता लावलेला सूर. मला वाटलं, बापू इथे घाबरतील. पण मी माणूस ओळखला नव्हता. बापू खूश झाले. पानाच्या टोकाला शेपटीसारखी लांब निमुळती चोच असते, तिच्यावरून पाणी निथळून जातं आणि पान कुजत नाही. ते पाहून म्हणाले, "ड्रेनेज!" उंच झाडाच्या बुंध्यापासून फळ्यांसारखी पसरलेली मुळं पाहून म्हणाले, "आधार! माती उथळ, झाड उंच, म्हणून बुंध्यालाच टेकू दिलेत. बघ सई, अख्खं जंगल नियमाने बांधलेलं आहे." आयुष्यभर ज्याचं कोणी ऐकलं नाही अशा माणसाला अखेर आपल्या विचारांचं कोणीतरी भेटलं होतं.

अडचण एकच होती. बापूंनी प्रत्येक प्राण्याचा एकेक कागद प्लास्टिकमध्ये घालून आणला होता, आणि प्राणी नेमके वाचन चालू असताना येत. सुपारीच्या वाडीच्या कडेला त्यांनी चौथा कागद काढला. "उडता सरडा. याच्या बरगड्या बाजूला उघडतात, त्यावर कातडी ताणली जाते आणि तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर..." तेवढ्यात एका सुपारीच्या खोडावरून पिवळट पंख उघडून तो निघाला, बापूंच्या टोपीवरून तरंगत गेला आणि पलीकडच्या खोडाला चिकटून सालीत मिसळला. सईने श्वास रोखला. अण्णाने बोट दाखवलं. बापूंनी मान वर न करता वाक्य पुरं केलं, "...तरंगत जातो. पण दिसणं फार कठीण."

मग सईला लोंबणाऱ्या एका जाडजूड वेलीला लटकून झोका घ्यायचा होता. बापू म्हणाले, आधी लोड टेस्ट. त्यांनी वेलीला स्वतःची पाठपिशवी टांगली, घड्याळ लावलं आणि पाच मिनिटं निरीक्षण करत उभे राहिले. मागच्या वेलीवर सईचे तोवर सहा झोके झाले होते.

नागराज काही दिसला नाही. पण बापूंनी त्याचा कागद वाचलाच. सापांमध्ये पालापाचोळ्याचं घरटं बांधून त्यात अंडी घालणारा हा एकटा. मादी अंडी राखत वर बसते. २०२४ साली शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातला नागराज ही वेगळी जात ठरवली आणि त्याच्या कानडी नावावरून तिचं नाव काळिंग ठेवलं. "कृष्णाचा कालिया?" सईने विचारलं. "नावाचा भाऊ म्हण. पण कृष्णाने ते काही परवानगी घेऊन केलं नव्हतं," बापू म्हणाले. "लहान मूल, खोल पाणी, अंगावर जीवरक्षक जॅकेट नाही."

साडेदहाच्या सुमारास एका मोठ्या बुंध्याला टेकून बापूंनी जळवांवरचं व्याख्यान सुरू केलं. आमच्या पायांखालचा पाला जिवंत झाला होता. मागच्या चूषकावर उभ्या राहून जळवा झुलत होत्या, आमच्या श्वासाचा आणि उबेचा अंदाज घेत होत्या. "इंबळ," अण्णा म्हणाला आणि चपलेवरची एक नखाने टिचकी मारून उडवली. बापू मात्र निश्चिंत होते. गुडघ्यापर्यंत माद्रपाट, माद्रपाटाला तंबाखू, तंबाखूवर मीठ. लोणचं घालून ठेवावं तसे पाय मुरत ठेवलेले.

त्याच वेळी मला त्यांच्या उजव्या कानामागे काहीतरी काळं, ओलं हललेलं दिसलं. मी तोंड उघडलं. सईने ओठांवर बोट ठेवलं, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि वही उघडली.

मी मध्ये पडायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण नियम तीन होता, आणि निरीक्षकाविषयीची सूचना होती. शिवाय खरं सांगायचं तर, तीन आठवडे मी बापूंच्या याद्या ऐकल्या होत्या.

व्याख्यान चालू राहिलं. जळूला तीन जबडे असतात. ती चावताना जागा बधिर करते, त्यामुळे कळत नाही. तिच्या लाळेत हिरुडिन असतं, त्याने रक्त गोठत नाही. "म्हणून सांगतो," बापू बोट उंचावून म्हणाले, "जळू लागलेली ज्याला कळत नाही, तोच खरा गाफील माणूस."

सव्वा अकरानंतर त्यांनी घाम पुसायला मानेवर हात फिरवला. हात लाल झाला, आणि कॉलर त्याआधीच झाली होती. क्षणभर ते हाताकडे पाहत राहिले. मग शिट्टी वाजवली. लांब, तीनदा. आम्ही फणसाच्या झाडाशी जमलो. बापूंनी डोकी मोजली. चार. "कोणाला लागलंय?" त्यांनी दरडावून विचारलं. आम्ही तिघांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

रक्त थांबेना, हिरुडिनचा महिमा. बापूंची प्रथमोपचार पेटी पिशवीच्या तळाशी, दोरीच्या खाली, दोरीला गाठ. अण्णाने कमरेच्या पिशवीतून वर्तमानपत्राचा चतकोर काढला आणि जखमेवर चिकटवला. कानामागे कानडी बातम्या घेऊन बापूंनी सईची वही मागितली. मी मान खाली घातली. वहीत असं होतं :

'१०.४०. बाबाच्या उजव्या कानामागे जळू. बाबा जळवांबद्दल सांगत आहे.

१०.५०. जळू जाड झाली. बाबा हिरुडिनबद्दल सांगत आहे.

११.०५. जळू द्राक्षाएवढी. बाबाला दुखत नाही. म्हणजे बाबाने सांगितलं ते बरोबर आहे.

११.१८. जळू आपोआप पडली. बाबा अजून सांगत आहे.'

बापूंनी ते सगळं वाचलं. परत वाचलं. मला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही.

"अडतीस मिनिटं," ते हळूच म्हणाले. "वेळ चोख टिपलीस. पण लांबी कुठाय? द्राक्षाएवढी म्हणजे कसलं द्राक्ष? नाशिकचं की सांगलीचं? नोंद अशी मोघम नसते." खिशातून पेन काढून त्यांनी खाली लिहिलं, 'तपासले', आणि सही केली. सहीच्या शेपटीवर रक्ताचा एक थेंब पडला. एवढ्या वर्षांत असा अहवाल आपल्याला कुणीच दिला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. तक्त्यातली जळूची तीव्रता त्यांनी एकावरून दोनवर नेली. आता जळू नागराजाच्या दुप्पट झाली होती.

रात्री जेवण झाल्यावर अण्णा पुन्हा आला आणि सईला खूण करून म्हणाला, काहीतरी दाखवायचंय. जागा लांब नव्हती, घरामागची सुपारीची वाडी संपते तिथे, जेमतेम तीस पावलं. बापूंनी कपाळावर बॅटरी बांधली. त्या बॅटरीच्या उजेडात विमान उतरलं असतं. कुजलेल्या ओंडक्यापाशी अण्णा थांबला आणि बॅटरीकडे हात करून ती बंद करायची खूण केली.

"नियम चार," बापू म्हणाले.

अण्णाने पुन्हा खूण केली. सई काही बोलली नाही. तिने फक्त बापूंचा हात धरला. मला वाटतं, ती बोलली असती तर बापूंनी तिला तीन कारणं दिली असती.

"दहा मोजेपर्यंत," बापू म्हणाले. "एकही आकडा जास्त नाही." आणि बॅटरी विझवली.

एक, दोन, तीन. डोळ्यांपुढे नुसता काळोख. चार, पाच. बापूंच्या आवाजाला किंचित कंप होता. सहाला ओंडक्याची कड कळू लागली. सातला त्या कडेवर फिकट हिरवी धूळ सांडल्यासारखी दिसली. आठला ती धूळ उजळत गेली. झडलेल्या फांद्या, सालीचे तुकडे, पायाजवळची काडी, सगळीकडे तो थंड उजेड पाझरत होता. कुजक्या लाकडात वाढणारी बुरशी असते, ती स्वतःच्या अंगाने उजळते. बापूंकडे तिचाही कागद होता, अकरावा. तो खिशातून निघाला नाही.

"नऊ," बापू म्हणाले.

"बाबा," सई कुजबुजली, "आपण हरवलोय का रे?"

घराचा दिवा आमच्या पाठीमागे तीस पावलांवर होता. बापूंच्या गळ्यात शिट्टी होती, खिशात होकायंत्र होतं, आणि दोरीचं एक टोक, ते नंतर मी पाहिलं, ओसरीच्या खांबाला बांधलेलं होतं.

"थोडेसे," बापू म्हणाले.

सईने त्यांचा हात अधिक घट्ट धरला. कुठेतरी बेडूक बोलला आणि गप्प झाला. बापू आता दहा म्हणणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"सव्वानऊ," बापू म्हणाले.

"निधान, निधान," अंधारातून अण्णाचा आवाज आला.

"साडेनऊ."